कटनंतरची नजर

जव्हारच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात प्रगती चहा पीत बसली होती, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या मोबाइलमध्ये तिची फुई रडली. फुई म्हणजे आत्या. जामसरची चैती फुई, जिनं आई गेल्यावर प्रगतीला दुधाच्या वयापासून वाढवलं. त्या बाईला प्रगतीनं उभ्या जन्मात हेल काढून रडताना ऐकलं नव्हतं. फुई चिडायची, समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरायची, एखादी कोंबडी चोरीला गेली तर अख्ख्या पाड्याची झोप उडवायची. पण रडणं तिला जमत नसे. आणि इथं ती रडत होती, तिच्या चेहऱ्याला न शोभणाऱ्या कुणा तरुण गळ्यानं. मुलीनं अंगठ्यानं व्हिडिओ वर ढकलला आणि खाली कुणीतरी वडे तळायला लागलं. “मघाचा तो परत लावतेस?” प्रगतीनं विचारलं. मुलीनं जरा नवलानं तिच्याकडे पाहिलं आणि लावून दिला. “आज संध्याकाळी इथंच शो हाय या फिल्मचा,” ती म्हणाली, “आपल्याच इकडं शूटिंग झालं. लई रडवते म्हणं.” प्रगतीनं तो तुकडा पुन्हा पाहिला आणि मग आणखी एकदा. चुलीपुढची फुई. तिचे भरलेले डोळे. मग जमिनीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक तान्हं पोर, न हलणारं. पुन्हा फुई. आणि तो हेल. ही फिल्म आपण शूट केली आहे, हा चेहरा आपण टिपला आहे, हे त्या मुलीला सांगावं असं प्रगतीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं चहाबरोबर गिळलं.

तो शॉटच नव्हता. प्रगती त्याला शेपूट म्हणायची. दिग्दर्शकानं ‘कट’ म्हटल्यावर बाकीचे कॅमेरावाले बटण दाबून मोकळे होतात; प्रगती होत नसे. कट ऐकला की माणूस खांदे पाडतो, नाक खाजवतो, कुणाला तरी शोधतो, आणि नेमका त्या घटकेला तो स्वतःच्या तोंडावर परत येतो. प्रगती कॅमेरा तसाच चालू ठेवायची. साउंडवाल्यानं आवाज बंद केलेला असे, लाइटवाले आपसांत हसत असत, आणि ती एकटी एक डोळा मिटून त्या परतलेल्या माणसाकडे बघत राहायची. दिवसाकाठी अशा बऱ्याच शेपट्या जमत. त्या कुठं वापरायच्या नाहीत, त्या माझ्यासाठी आहेत, हे तिनं पहिल्याच दिवशी सुदर्शनला सांगितलं होतं. सुदर्शन म्हणजे दिग्दर्शक, तिचा मित्र. एका मालिकेच्या सेटवर ती कॅमेऱ्याचा फोकस ओढत होती आणि तो सहायक होता, तेव्हापासूनचा. “शेपट्या तुझ्या, फिल्म माझी,” तो हसून म्हणाला होता, आणि तिनं मान डोलावली होती. शूटिंग झालं ते भात पिवळं पडायच्या जरा आधी. सगळीकडं असा हिरवा रंग होता की कॅमेऱ्यालाही तो एकदम सोसवेना. फुईच्या घरात मात्र दिवसाही अंधार. कुडाच्या फटींतून उजेडाच्या काड्या आत येत आणि चुलीच्या धुरात उभ्या राहत. प्रगतीनं एकही दिवा लावू दिला नाही. उजेड आत परतवायला दाराशी पांढरं थर्माकोल धरायला लावलं, बस्स. त्या घरात उजेड कुठून येतो, कुठल्या वेळेला कुठं टेकतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तापानं पडली की ती त्या काड्याच बघत बसायची.

फुईला काम सोपं होतं. चूल फुंकायची आणि दाराकडं बघायचं, मुंबईला गेलेला मुलगा येईल म्हणून. पण ती बघायची ती थेट कॅमेऱ्यात. टेकवर टेक गेले. “आत्या, मशीनकडे नाही, प्रगतीच्या उजव्या कानाकडे बघा,” असं सगळ्यांनी सांगून झालं. “कानाशी काय बोलू?” फुई म्हणाली, “तोंड हिकडं हाय ना तिचं.” सगळं युनिट हसलं. शेवटी कसाबसा एक टेक जमला, सुदर्शननं कट म्हटलं, आणि फुईनं धुरानं भरलेले डोळे मनगटानं पुसले. मग तिनं मान वर केली आणि पाहिलं. काचेतून, आतल्या अंधारातून, थेट पलीकडं उभ्या असलेल्या प्रगतीकडं. एवढं थोरलं यंत्र खांद्यावर घेऊन उभी असलेली ही पोर आपली, हे जणू तिला त्याच घटकेला कळलं. तिचे ओठ हलले. “जेवलीस का गं?” सकाळपासून युनिटच्या डब्यातलं काहीही प्रगतीच्या पोटात गेलं नव्हतं, आणि ते एवढ्या माणसांत फक्त फुईला दिसलं होतं. प्रगतीनं फोकस तिच्या पापण्यांवर आणला. आजवर तिनं टिपलेल्या सगळ्या चित्रांत तेच एक पूर्ण खरं आहे, असं तिला वाटलं होतं. कधीतरी स्वतःची फिल्म करू तेव्हा ती याच नजरेपासून सुरू होईल, हेही तिनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या कामासाठी तिला लगेच राजस्थानात जावं लागलं. फिल्म कापली गेली, रंग चढवले गेले, तेव्हा ती तिकडं वाळूत उभी होती. तिच्याशिवाय रंगाच्या कामाला बसायचं नाही असं ठरलं होतं. पण घाई होती म्हणे.

तिनं सुदर्शनला फोन लावला तेव्हा तो शाळेच्या हॉलवर पडदा बांधून घेत होता. मागून ‘वर घे, वर घे’ असं ऐकू येत होतं. “ट्रेलर पाहिलास?” त्याचा आवाज नुसता फुलला होता. “काय शॉट आहे ना?”

“तो शॉट नाहीये. ती शेपूट आहे.”

“तेच तर. सोनं शेपटीत होतं, प्रगती. आम्ही वेड्यासारखे टेक चाळत बसलो होतो.”

“शेपट्या माझ्या होत्या.”

“अगं, हो. पण फिल्म एडिटवर सापडते, तुला माहितेय. वाट बघणारी म्हातारी किती वेळ बघणार लोक? पोर मेलं आणि सगळं एका जागी आलं बघ.”

पोर मेलं. त्यानं ते किती सहज म्हटलं, जसं पाऊस थांबला म्हणावं. तिनं विचारलं, रडतंय कोण? तर नाशिकची एक नाटकवाली बाई बोलावली होती, जबरदस्त गळा. आणि ते पोर? ते मुंबईत सेटवर घेतलं, सेम शेणानं सारवलेली जमीन केली होती. “वेगळं कळतंय का?” त्यानं जरा काळजीनं विचारलं. कळत होतं. पोरावरचा उजेड डावीकडून येत होता. फुईच्या घरात त्या बाजूला शेजारच्या बाबल्याची भिंत आहे. तिकडून उजेड आजवर आला नाही आणि येणारही नाही. हे जगात फक्त दोघींना कळलं असतं, आणि त्यातली एक आत्ता जीपमध्ये बसून जव्हारला निघाली होती.

“संध्याकाळच्या शोमधून तेवढं काढ, सुदर्शन. फुई येतेय बघायला.”

“आता? फाइल लॉक आहे गं. आणि चैतीताईंना वाईट का वाटेल? किती सुंदर दिसल्यात त्या. तुझंच नाव होणार आहे या चेहऱ्यावर.”

शूटिंगच्या वेळी तो तिला फुई म्हणायचा. तिच्या हातची नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं मागून मागून खायचा, तिच्या चुलीशेजारी उताणा पडून छताकडं बघत म्हणायचा, काय वासे आहेत, एक टॉप शॉट घेऊच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात असं प्रगतीनं म्हणीत ऐकलं होतं. हा तिच्यादेखत मोजत होता आणि तिनंच त्याला शिडी धरली होती. आता तो चैतीताई म्हणत होता. तिला शिव्या द्यायच्या होत्या. फुईचं अर्धं रक्त असतं अंगात तर तिनं त्याचं मूळ-कूळ बाहेर काढलं असतं. पण शहरात राहून तिचा राग मवाळ पडला होता, आणि त्याहून कमीपणाची गोष्ट म्हणजे तिला रडू येत होतं. तिनं फोन ठेवला. चहावर साय धरली होती.

जामसरची जीप आली ती अशी गच्च की मागच्या पायरीवरही माणसं लटकलेली. फुई पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, मानाच्या जागी. नवं कोरं लुगडं, केसांना तेल, आणि मांडीवर फडक्यात बांधलेली काकडी, प्रगतीसाठी. तिच्या सिनेमाला अख्खा पाडा लोटला होता. प्रगतीनं तिला बाजूला घेतलं. “फुई, आज राहू दे. तिथं तुझा चेहरा आहे, पण ते खोटं केलंय त्यांनी.” फुईनं तिच्या गालाला हात लावला. “शिनेमा खोटाच असतो ना पोरी,” ती म्हणाली, “मना काय येवढंही कळत नाय?” मागं बाबल्या पोरांना सांगत होता की त्याच्या बैलांचंही काम आहे, आणि त्यांनी कुणाकडं बघायचं हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळे हसले. फुई सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिचा दंड धरून प्रगती हॉलकडं चालायला लागली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

हॉल भरला होता. पहिली घटका मजेत गेली. कुणी दिसलं की त्याचं नाव मोठ्यानं घेतलं जाई, बैल आले तेव्हा टाळ्या पडल्या. मग बाबल्याचं शेत आलं आणि बाबल्या उभाच राहिला. “अरं, माजा भात करपवला यांनी,” तो म्हणाला. खरंच करपवला होता. हिरवा रंग एकेक पान करून काढून टाकला होता. डोंगर तपकिरी, ओढा राखाडी, आभाळ पिवळट. प्रगतीनं पाहिलेलं, तिच्या काचेतून आत गेलेलं जामसर उन्हाळ्यात उपाशी मरायला टेकलेलं एक गाव झालं होतं, आणि जामसरची माणसं ते गाव कुठलं म्हणून एकमेकांना विचारत होती. पुढच्या रांगेत जव्हारच्या ऑफिसांतली पाहुणे मंडळी गंभीर होऊन बसली होती. त्यांना ते गाव ओळखीचं वाटत असावं. प्रगतीला फिल्म दिसत नव्हती. तिला पडद्यावरच्या उजेडात फक्त शेजारी बसलेल्या फुईचा गाल दिसत होता, आणि त्यावर बदलत जाणारा उजेड.

मग तो उजेड मंद झाला, तांबूस झाला, आणि हॉलमधलं हसणं हळूहळू बसलं. पडद्यावर फुई एवढी मोठी झाली की तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. तो फोकस प्रगतीचा होता. डोळे भरून आलेले, मान वर, नजर समोर. मग टांगलेली पोराची झोळी, न हलणारी. खाली पांढऱ्या फडक्यातलं पोर. पुन्हा फुई, आणि तो परका हेल. ट्रेलरमध्ये नव्हता तो भाग आता आला: फुईचे ओठ हलले. हेलाच्या आड शब्द ऐकू येत नव्हते, ओठ मात्र स्वच्छ दिसत होते, आणि ते ओठ जामसरमध्ये कुणाला वाचता येणार नाहीत? जेवलीस का गं. बायकांच्या रांगेत एकदम कपड्यांची सळसळ झाली. एकेकीनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मेलेल्याच्या दिवसाला पान वाढतात, त्याचं नाव घेतात आणि घरातली मोठी बाई असंच विचारते, जेवलास का, जेवलीस का. तेव्हा बाकीच्यांनी हात जोडायचे असतात. पडद्यावर मेलेल्याचा दिवस घातला जातोय असं त्यांनी धरलं, आणि रीतीप्रमाणे त्या वागल्या. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं चष्मा काढून पुसला. भिंतीला टेकून उभा असलेला सुदर्शन त्या जोडलेल्या हातांकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा समाधानानं उजळला होता. प्रगतीनं फुईकडं पाहिलं. फुईनं हात जोडले नव्हते. तिचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलले, आणि मग तिनं अंधारात चाचपून प्रगतीचं मनगट पकडलं.

परतीच्या जीपमध्ये ते मनगट तिनं सोडलं नाही. आजारी पोराचा ताप बघावा तसं ती अधूनमधून ते दाबून बघत होती. बाबल्यानं भाताचा विषय पुन्हा काढला, पण कुणी साथ दिली नाही. प्रगती म्हणाली, “फुई, मला माहीत नव्हतं गं.” फुई म्हणाली, “तुला कसं म्हाइत असंल.” हे तिनं इतक्या मऊ आवाजात म्हटलं की प्रगतीला वाटलं, आपण सुटलो. रागवली नाही. कुणावरच रागवली नाही.

सकाळी जाग आली तेव्हा फुई उशाशी बसली होती. मुठीत तांदूळ. ते तिनं प्रगतीवरून उतरवले, पायांपासून डोक्यापर्यंत, पुन्हा डोक्यापासून पायांपर्यंत, आणि ओढ्याच्या बाजूला भिरकावून आली. मग चूल पेटवली. कुडाच्या फटींतून उजेडाच्या काड्या आत आल्या, उजवीकडून, नेहमीसारख्या. प्रगती चुलीपुढं जाऊन बसली. कॅमेरा तिनं आणलाच नव्हता. मोबाइलही पिशवीत होता.

“मी तुला इचारलं व्हतं, जेवलीस का,” फुई निखाऱ्यांकडं बघत म्हणाली. “तूच व्हतीस ना समोर?”

“मीच होते.”

“दुसरं कोनी नाय?”

“कुणी नव्हतं, फुई. मी आणि मशीन.”

“मंग तठं ते मेलेलं पोर कसं आलं?”

प्रगतीनं सांगितलं. एक चित्र इथलं, दुसरं मुंबईतलं, मध्ये कापून एकमेकांना चिकटवायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की हा त्याच्याकडंच बघतोय. हे ती कितीतरी शिकाऊ पोरांना हौसेनं समजावत आली होती. सिनेमाची सगळी जादू म्हणे त्या सांध्यात आहे. आज तिनं ते गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. फुईनं सगळं नीट ऐकून घेतलं, मध्येच एक लाकूड पुढं सारलं.

“म्हंजे मी बगते तठं त्यांना काय बी ठेवता येतं.”

“हो.”

“आन मी बगत व्हते तुला. तर मंग त्यांनी तुलाच ठेवलं ना तठं, फडक्यात.”

“तसं नसतं गं फुई.”

“सगळ्या बाया हात जोडून बसल्या व्हत्या, तू पायलंस ना. तुज्या नावानं. जिवंत पोरीच्या.” तिचा आवाज तेवढ्यापुरता चिरफाळला आणि परत जागेवर आला. सुदर्शननं काय काय नेलं याचा हिशोब ती काल संध्याकाळपासून करत होती: रंग नेला, शब्द मोडला, फुईचा गळा बदलला. हे तिच्या हिशोबात आलंच नव्हतं. तिला त्याच्याविषयी निखळ द्वेष वाटला. त्याला हे कधी समजणारही नव्हतं, आणि समजलं असतं तर तो म्हणाला असता, वा, हा सीन घ्यायला हवा होता.

फुईनं ताटली पुढं केली. भाकरी, भुजं, कालची काकडी चिरून. पूर्वी ताटली ठेवण्याआधीच ती विचारायची. घरात शिरताना, ओढ्यावरून येताना, फोनवर, स्टँडवर गाडी सुटतानासुद्धा, प्रगतीच्या जन्मापासून त्या दोघींतलं सगळं बोलणं त्या एका प्रश्नानं सुरू झालं होतं. आज तिनं विचारलं नाही. ताटली ठेवली आणि हात मागं घेतला. प्रगती घास तोडून बळंच गिळत राहिली. एक भाकरी संपली, दुसरी संपली. प्रश्न आला नाही. तो आता या घरात येणार नाही हे तिला कळलं, आणि तिला तिथं पानापुढंच हुंदका फुटला.

“जेवले मी, फुई,” न विचारताच ती म्हणाली. “पोटभर जेवले. इकडं बघ ना.”

फुईनं मान वर केली. डोळे धुरानं भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिनं पाहिलं. समोर यंत्र नव्हतं, माणसं नव्हती, कुणी कट म्हटलं नव्हतं. तरी तिची नजर प्रगतीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथून जरा बाजूला सरकून थांबली. शूटिंगच्या दिवशी सगळे सांगून थकले होते ते तिला आज पहिल्याच वेळी जमलं. ती प्रगतीच्या उजव्या कानाकडं बघत होती.